दर्शनी भिंतीवरचा पाइप

घरोघरी भांडणं होतात ती शेताच्या बांधावरून, दागिन्यांवरून, फारच झालं तर टीव्हीच्या रिमोटवरून. पाथर्डी फाट्याजवळच्या बोरस्त्यांच्या घरात बंड झालं ते संडासाच्या पाइपावरून, आणि ते पुकारलं साळूबाईंनी.

साळूबाई पासष्टी ओलांडलेल्या, उंचीला बेताच्या, आणि आवाजाला अशा की कांद्याच्या लिलावात उभ्या राहिल्या तर व्यापाऱ्याने घासाघीस न करता पैसे मोजून घरचा रस्ता धरावा. त्यांची उभी जवानी लासलगावला एका व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडण्यात गेली. नवरा, सावळीराम, लवकर वारला. मुलगा महेश त्या कांद्यावरच इंजिनिअर झाला. खळ्यावर बायांसाठी आडोसा नव्हता. मग बाया सकाळी घोटभर पाणी प्यायच्या आणि अंधार पडेपर्यंत आपल्याला तहान लागलेलीच नाही अशी मनाची समजूत घालायच्या. साळूबाईंचं मन बिचारं समजूतदार होतं. मूत्रपिंडं तेवढी समजूतदार निघाली नाहीत.

गेल्या वर्षी महेशने घरावर मजला चढवला. वर साळूबाईंना वाऱ्याची मोठी खोली मिळाली. संडास मात्र मिळाला नाही. नकाशात तो होता. पण सून सुवर्णा हिचा भाऊ ललित याने तेव्हाच वास्तुशास्त्राचा एक कोर्स केला होता आणि तेव्हापासून त्याला भिंती दिसायच्या बंद होऊन फक्त दिशा दिसू लागल्या होत्या. त्याने लाल पेन काढून नकाशातला संडास खोडला. वाचलेला पैसा महेशने घराच्या तोंडावर लावला. चॉकलेटी दगड, काचेचा कठडा, स्टीलच्या अक्षरांत ‘बोरस्ते’. रस्त्यावरून जाणारे थांबून बघायचे. महेश त्याला एलिव्हेशन म्हणायचा, आणि त्याबद्दल बोलताना त्याचा आवाज पहिलटकर बापासारखा हळवा व्हायचा.

डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी प्या. पण घरातला एकुलता एक संडास खाली, हॉलमध्ये, सोफ्याच्या बरोबर समोर. साळूबाई जिना उतरून आल्या की महेशचे पाहुणे चहाचे कप वर उचलून, पाय आखडून वाट करून द्यायचे. कुणी तरी हमखास म्हणायचं, “या या मावशी, सावकाश.” एवढ्या थाटामाटात आणि लोकांच्या शुभेच्छा घेऊन कोण संडासला जाईल? साळूबाईंनी पुन्हा पाणी तोडलं. पुन्हा ताप, पुन्हा डॉक्टर.

महेशने तोड काढली. “आई, तू खालच्या स्टोअररूममध्ये ये. संडासाला लागूनच आहे.”

“म्हंजे मला उचलून संडासाशेजारी ठेवतो व्हय?” साळूबाई म्हणाल्या. “त्यापेक्षा संडास उचलून माझ्याशेजारी ठेव. मी हलायची नाय.”

अमोल प्लंबरला बोलावणं गेलं. पाठोपाठ बोलावणं न पाठवताही ललित आला. अमोलने टेप काढला, ललितने लाल पेन.

“मागच्या कोपऱ्यात घेऊ,” महेश म्हणाला.

“दाजी, त्याच्या खाली देवघर येतं!” ललितने फुली मारली. “मावशींच्याच देवांच्या डोक्यावर?”

“देव माझे हायेत ना?” साळूबाई म्हणाल्या. “मग मला इचार. आत्ता घेते उचलून. खंडोबा माझ्यासंगं खळ्यावर आलेला हाय, त्याला समदं ठावं हाय.”

“देव हलवले तरी पाइप हलत नाही,” अमोल म्हणाला. “स्लॅब सपाट टाकलाय. पाइप फरशीखाली बसवायला खोलगट जागाच सोडली नाही. मग तो खालच्या छताला लोंबत न्यावा लागेल. स्वयंपाकघरातून.”

“माझ्या कुकरच्या डोक्यावरून?” सुवर्णा दारातूनच ओरडली. फुली.

“बाजूने काढला तर?”

“तिकडे तुमची बेडरूम, दाजी. आणि ईशान्य.” ललितने उत्साहात दोन फुल्या मारल्या.

“आणि ड्रेनेजचं चेंबर पडलं पुढं, गेटपाशी,” अमोलने भर घातली. “अख्ख्या घराला वळसा घालायचा तर एवढ्या लांबीला उतार पुरायचा नाही. तुंबणार. मग दर दिवाळीला मला फराळाला बोलवा.”

कागदावर आता एकच कोपरा बिनफुलीचा राहिला. समोरचा. ललितने होकायंत्र धरलं, मान वाकडी केली आणि जरा पडल्या आवाजात म्हणाला, “वायव्य. इथं चालतं.”

अमोल खूश झाला. “मग सोपंच झालं! मागच्या बाजूने तोंड असलेलं कमोड घ्यायचं. भिंतीला भोक, बाहेर उभा पाइप. खाली एकदम काटकोनात न वळवता दोन अर्धी वळणं, की थेट चेंबर. हवेसाठी वरचं टोक गच्चीच्याही वर काढायचं. आयुष्यात तुंबणार नाही.”

महेशचा चेहरा उतरला. “समोरून? एलिव्हेशनवरून? स्टीलच्या अक्षरांशेजारून... ते?”

“ते म्हंजे काय? तुला लहानपणी मी धुतला, तेव्हा एलिव्हेशन बघितलं नव्हतं.”

“आई, लोक काय म्हणतील?”

“म्हणतील, ह्या घरात माणसं राहतात.”

महेश बधला नाही. बघू, म्हणाला. बघू म्हणजे नाही, हे साळूबाईंना खळ्यावरच्या मुकादमाने शिकवलं होतं. त्यांनी महेशशी पुन्हा चकार शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी अमोलला घेऊन त्या दुकानात गेल्या आणि गाठीला बांधलेल्या पैशांतून कमोड आणलं. पांढरंशुभ्र. टेम्पोवाल्याने विचारलं, कुठं ठेवू? साळूबाईंनी हॉलमध्ये, टीव्हीखाली, जागा दाखवली.

“आई, हे काय?” महेश संध्याकाळी किंचाळला.

“वर चढायची वाट बघतंय. कळ काढील बिचारं. मी काढलीच की.”

कमोड तिथेच राहिलं. महेशने त्यावर चादर टाकली, साळूबाईंनी ती घडी करून कपाटात ठेवली. महेशने उचलून मागे न्यायला पाहिलं, तर त्याची कंबर धरली आणि तोच तीन दिवस त्या सोफ्यावर, कमोडाकडे बघत, शेक घेत पडला. बातम्या बघायच्या म्हटलं तरी नजर आधी तिथेच जायची.

अशात सुवर्णाची भिशी आली. बाया नटून आल्या आणि दारातच थबकल्या. साळूबाई कमोडाचं झाकण लावून त्यावर ऐसपैस बसल्या होत्या आणि मांडीवर सूप घेऊन मेथी निवडत होत्या. धरणीने पोटात घ्यावं असं सुवर्णाला झालं.

“अगं बाई, हे इथं कसं?” एकीने विचारलं.

साळूबाईंनी सांगितलं. खळं, पाणी, सोफा, एलिव्हेशन, सगळं. मेथी निवडता निवडता, आवाज न चढवता. मग समोरच्या बंगल्यातल्या, कायम कांजीवरमात असणाऱ्या बाई म्हणाल्या, “मी लग्न, मुंज काही असलं की सकाळपासून पाणी पीत नाही.” दुसरी म्हणाली, “मी एसटीत बसायच्या आदल्या रात्रीपासून.” तिसरी शाळेत शिकवते; तिने तिथल्या बाथरूमचं वर्णन सुरू केलं आणि बटाटेवड्याची बशी खाली ठेवली. सुवर्णा सगळ्यांना चहा देत होती. किटली हातात तशीच धरून ती म्हणाली, “मी सुद्धा. कॉलेजला होते तेव्हा. पाचही वर्षं.”

भिशी त्या दिवशी कुणाला लागली ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. बाया गेल्यावर सुवर्णा आतल्या खोलीत महेशसमोर जाऊन उभी राहिली.

“पाइप समोरूनच येणार. तुम्हाला नसेल बघवत तर मागच्या दाराने येत जा.”

अमोलने काम धरलं. चॉकलेटी दगडाला भोक पडताना महेशने डोळे मिटून घेतले. मग त्याने एकेक तडजोड पुढे केली. पाइपभोवती खोटा खांब करू. वेल चढवू. निदान दगडी पट्टी मारू.

“खांबात कोंडलात तर साफ कसा करायचा?” अमोल म्हणाला. “वळणावरचं झाकण उघडायला हात गेला पाहिजे.”

“आन वेल कशाला?” साळूबाई म्हणाल्या. “जलमभर आडोसाच शोधला. आता काय झाकायचं नाय.”

पाइप उभा राहिला. ‘बोरस्ते’च्या शेजारून, काचेच्या कठड्यावरून, गच्चीच्याही वर डोकं काढून, गल्लीतल्या कुठल्याही घरापेक्षा उंच. पहिल्या फ्लशला सगळे गेटपाशी जमले. साळूबाईंनी वरून साखळी ओढावी तसं जोरात बटण दाबलं. पाणी खळखळत नावाच्या शेजारून खाली आलं आणि अमोलने उघड्या ठेवलेल्या चेंबरमध्ये डौलात उतरलं. समोरच्या कांजीवरमवाल्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. ललितने होकायंत्र काढून पुन्हा एकदा खात्री केली.

महेश कंबरेवर हात ठेवून पाइपाकडे बघत राहिला. मग वर तोंड करून हाक मारली, “आई! निदान रंग तरी देऊ का ह्याला?”

साळूबाई कठड्यावरून वाकल्या. अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, “दे की! पण असा दे, की फाट्यावरून दिसला पायजे.”