खोट्या जरीचा कोट
एका सरदाराच्या म्हाताऱ्या कारकुनानं मला खोटी जरी विकून फसवलं. कापड जळल्याचा वास आला की आजही तो कोट आठवतो. संस्थान विलीन झालं, जहागिऱ्या गेल्या, आणि दरबारी कपडे टोपी बाजारात माझ्या जुन्या कपड्यांच्या दुकानी विकायला येऊ लागले. ‘दुसऱ्याची उतरन कोण घालणार?’ म्हणत गिऱ्हाईक हातही लावत नसे, म्हणून मी ते जाळून जरीतली चांदी काढत असे. त्या कारकुनानं आणलेल्या कोटाची मखमल मात्र उबदार होती, टाकाही उसवलेला नव्हता. मी त्यांना विचारलं, “काका, असाच विकू का?” “छे! दुसऱ्याच्या अंगावर दिसला तर तोंड कुठे लपवू? जाळाच.” जाळला, तर राखेत चांदीऐवजी काळं पडलेलं तांबं! ते घेऊन तसाच त्यांच्या घरी जाऊन मी गल्लीला ऐकू जाईल असा ओरडलो, “या वयात लबाडी करता?” त्यांनी ते तांबं तळहातावर घेऊन कितीतरी वेळ पाहिलं. “सरदारांनी स्वतःच्या हातानं माझ्या अंगावर घातला होता हो. तीस वर्षांच्या चाकरीबद्दल.” सरदार तर केव्हाच गाव सोडून गेले होते. आता भांडायचंही त्राण उरलं नाही, पण त्या घराण्यातल्या कुणीतरी समोर येऊन सांगावं, त्या माणसाला तांबं का दिलंत?