आप्पा गेटवेला आले होते

मी पनवेलला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. मशीनमधून जे छापून येतं तेवढंच खरं मानायची सवय. कुणी भुताखेतांच्या गोष्टी काढल्या की मी उठून चहा टाकायला जायचे. अमावस्या, उतारे वगैरे आजही मानत नाही. पण ही एक गोष्ट मला कुठेच बसवता येत नाही... म्हणून इथे लिहितेय.

२०१० च्या आसपासची गोष्ट. घरात आम्ही दोघंच — मी आणि माझे वडील, आप्पा. कळंबोलीच्या लोखंड बाजारात वजनकाट्यावर त्यांनी आयुष्य काढलं. रिटायर झाल्यावर वर्षभरातच पॅरालिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दोन वर्षं तोंडातून एक शब्द नाही. अंग पुसणं, भरवणं, कूस बदलणं — नोकरी सांभाळून सगळं मीच करत होते.

डिसेंबरात माझी आतेबहीण वैशाली अकोल्याहून पोरांना घेऊन आली. "गेटवे दाखवायचाय यांना, तूही चल." मी नाहीच म्हणत होते, पण शेजारच्या शमीमखालांनी मला अक्षरशः घराबाहेर काढलं.

"जा गं सुमन. एक दिवस मी बसते आप्पांजवळ. आरशात तोंड बघ जरा आपलं!"

सकाळी थंडी होती म्हणून आप्पांना मरून स्वेटर चढवला. घाईत बटणं एक घर चुकली. म्हटलं, खाला करतील नीट.

उरणच्या मोरा बंदरातून लाँचने भाऊच्या धक्क्याला उतरलो, तिथून टॅक्सीने गेटवे. आणि खरं सांगू? मला फार मस्त वाटत होतं. माझ्या अंगाला औषधांचा वास येत नव्हता. घड्याळाकडे बघावंसंही वाटत नव्हतं.

दुपारची वेळ. पोरं कबुतरांमागे पळत होती, वैशाली त्यांचे फोटो काढत होती. मी मान वर करून कमानीची नक्षी बघत उभी होते. नजर खाली आली... तर कमानीच्या सावलीत आप्पा.

उभे! दोन्ही पायांवर, कशाचाही आधार न घेता. चौकड्याची लुंगी, अनवाणी, आणि त्या गर्दीत, भर दुपारी मरून स्वेटर — बटणं एक घर चुकलेली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हात वर केला. उजवा हात.

माझ्या मनात पहिला विचार काय आला माहितीये? भीती नाही, आनंदही नाही. "आता इथेपण?" — एवढंच आलं मनात. मी पाठ फिरवली. वैशालीला म्हटलं, "चल, लाँचची लाइन वाढतेय."

चार पावलं गेल्यावर वळून बघितलं तर तिथे कुणी नव्हतं. भास झाला असेल, झोप कमी होते आपली... अशी स्वतःची समजूत घातली. समुद्रात चक्कर मारली, भेळ खाल्ली. हसलेसुद्धा. वैशालीला यातलं काहीच बोलले नाही.

संध्याकाळी घरी पोचलो तर खाला दारातच.

"सुमन! अगं, तुझे आप्पा बोलले!"

मी चप्पल तशीच पायात ठेवून उभी राहिले.

"अल्लाची कसम. दुपारची जोहरची नमाज पढून मी नुकतीच खुर्चीत बसले होते. एकदम साफ आवाज. म्हणाले, 'सुमीने मला बघितलं आणि पाठ फिरवली.' दोनदा म्हणाले. मी म्हटलं, आप्पा, ती तर मुंबईला गेलीय. तर डोळ्यांतून घळाघळा पाणी." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "सकाळी निघताना काही झालं होतं का बेटा?"

मी नाही म्हणून मान हलवली. आत जाऊन आप्पांच्या उशाशी बसले. "आप्पा, तुम्ही आला होतात?" मी त्यांचा उजवा हात हातात घेतला. नेहमीसारखाच निर्जीव, जड.

त्यानंतर ते एक वर्ष जगले. पुन्हा एक शब्द बोलले नाहीत. भरवताना, अंग पुसताना मी रोज माफी मागायचे. त्यांना कळायचं की नाही, ते कळायला मार्ग नव्हता.

डॉक्टर म्हणाले, अशा पेशंटच्या तोंडून कधीकधी अचानक एखादं वाक्य निघतं. मान्य. मला थकव्यामुळे भास झाला, तेही मान्य. पण नेमकं *तेच* वाक्य? मी कुणाजवळ अवाक्षर काढलेलं नसताना?

आता तर ते तिथवर कसे आले, हे नाही कळलं तरी चालेल मला. पण तो हात त्यांनी कशासाठी वर केला होता... मला जवळ बोलवायला, की "बघ सुमे, मी उभा राहिलो" म्हणून दाखवायला? तेवढं बघायला मी थांबले नाही.