कोणी बांधील नाही

रत्नागिरीला कोर्टासमोर टाइपरायटर घेऊन बसणाऱ्या ताईंनी मला वाचवलं, हे आधी सांगतो.

मी मंडणगडकडचा. सातवीत शाळा सोडली, लाँचींची इंजिनं दुरुस्त करायला शिकलो आणि ऐंशी सालानंतर लवकरच रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात एका शेठच्या शेडमध्ये लागलो. त्याच्या स्वतःच्या मासेमारीच्या तीन लाँची. एका उन्हाळ्यात तो म्हणाला, शेड तुलाच चालवायला देतो. करार पावसाळ्यानंतर करू, तोवर हा कागद. कागद इंग्रजीत होता. कोणाकडून वाचून घेऊ का, असं मी चाचरत विचारलं.

"सातवीवाल्याने कशाला वाचायला हवाय? सही मार नि कामाला लाग."

मारली. शेड आता आपलीच, या समजुतीने मी पगार न घेता पत्रे बदलले, लेथसाठी सिमेंटचा ओटा बांधला. पावसाळ्यात लाँची किनाऱ्यावर ओढून नारळाच्या झापांनी शाकारल्यावर तिन्ही इंजिनं उतरवून पार सुटी केली. नारळी पौर्णिमेला आठ दिवस उरले आणि शेठने शेड मेव्हण्याला दिली. मला म्हणाला, "त्याच्या हाताखाली राहा की. जातोस कुठे?"

कागद घेऊन मी ताईंकडे गेलो. त्यांनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवून मराठीत सांगितलं. हा नुसता इरादा आहे, पक्का करार होईपर्यंत कोणी बांधील नाही. मी कागदाची घडी घालू लागलो. ताईंनी चष्म्यावरून बघितलं.

"दादा, कोणी म्हणजे तुम्हीही आलात त्यात."

मग त्यांनीच काम सोडल्याची दोन ओळींची चिठ्ठी टाइप करून दिली. ती मी शेठच्या हातात ठेवली. इंजिनं गोणपाटांवर पसरलेली. कुठला बोल्ट कुठल्या इंजिनाचा, ते फक्त मला ठाऊक.

"हे जोडणार कोण?"

"मेव्हण्यांना सांगा."

पोलीस येतील या धास्तीने त्याच दुपारी एसटी धरली, ते थेट गुजरातेतलं वेरावळ बंदर गाठलं. पुढे रत्नागिरीकडच्या एका खलाशाकडून कळलं, पौर्णिमेला नारळ सोडून सगळं बंदर समुद्रात गेलं आणि शेठच्या लाँची दसऱ्यापर्यंत वाळूत बसल्या. त्याचे खलाशीही दुसऱ्यांकडे गेले. मी त्याला ते तीनदा सांगायला लावलं. अजून जीव घाबरा झाला की तेवढंच आठवतो, बरं वाटतं.

ताईंनी माझ्याकडून काही घेतलं नव्हतं. त्यांच्या मशीनचा रूळ दर ओळीला अडकत होता, त्या हाताने ढकलत होत्या. आवाजावरूनच मला दोष कळला होता, पण चिठ्ठी शेठला द्यायच्या घाईत तसाच उठलो. एक दिवस रत्नागिरीला उतरेन, पहिला कोर्टासमोर जाईन आणि ते मशीन नीट चालेपर्यंत त्यांच्यापुढून उठणार नाही.