चतुराबाईची हिरवी सवत

आपल्याला सवत आहे, हे चतुराबाई सोळुंकेनं हैदराबादच्या चिक्कडपल्लीतल्या साऱ्या गल्लीला स्वतःच सांगून ठेवलं होतं. शेजारची तेलुगू अक्का पहिल्यांदा ऐकून बिचारी हळहळली. ही सवत म्हणजे एक गवत आहे हे कळल्यावर मात्र पदर तोंडाला लावून हसत सुटली.

हसा खुशाल. चतुराबाईला त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं. तिचा नवरा हिम्मतराव निजामाच्या अमदानीपासून सरकारी चारा फार्मवर कामाला होता. फार्म शहराबाहेर, माळावर. विहिरीचं पाणी मचूळ, आणि उन्हाळ्यात ऊन असं की दगडानंही सावली शोधावी. अशा ठिकाणी गाईम्हशींना बारमाही हिरवा चारा कसा मिळेल, हे शोधणं हिम्मतरावाचं काम. त्यासाठी लसूणघास. एकदा पेरला की पुढची तीन-चार वर्षं नुसता कापत राहायचा, इतका गुणी. पण इथं तो दुसऱ्या वैशाखातच मान टाकायचा. कच्छचं बी पेरून पाहिलं, पंजाबचं पाहिलं, विलायतेहून आलेलं पाहिलं. सगळ्या वाफ्यांना तेच मचूळ पाणी, एकाच दिवशी कापणी, आणि कापलेल्या चाऱ्याचं वजन. तिसरा उन्हाळा काढून जे चार ठोंब जिवंत राहतील त्यांचं बी धरायचं, ते पुन्हा पेरायचं, पुन्हा मचूळ पाणी पाजायचं आणि कोण मरतं ते बघत बसायचं. हिम्मतरावाचं तारुण्य यातच गेलं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला तो सासुरवाडीला जायचं सोडून वाफ्यावर बसला होता. चतुराबाईनं हे त्याला कधीही माफ केलं नाही.

ती जिंतूरकडची. हैदराबाद तिला मानवलं नाही. बाजारात तेलुगू, टांग्यात उर्दू, आणि मराठी बोलायला एक नवरा, तोही मुलखाचा घुमा.

छप्पन साली हैदराबाद राज्य मोडलं. तीन तुकडे तीन राज्यांत गेले, आणि नोकरदारांना सरकारनं विचारलं, बाबांनो, कुठं जाता? मराठवाडा मुंबई राज्यात गेला होता. हिम्मतरावाला परभणीची जागा मिळाली. परभणीहून जिंतूर ते किती लांब! चतुराबाईला आभाळ ठेंगणं झालं. तिनं त्याच संध्याकाळी ट्रंक भरायला घेतली.

अडचण एकच होती. फार्मच्या जमिनीवर सरकारी क्वार्टर्स बांधायचं ठरलं होतं, आणि पावसाळ्याआधी सगळे वाफे नांगरले जाणार होते. इतक्या वर्षांच्या मारामारीनंतर मचूळ पाण्यावर, भर उन्हात तग धरणारा घास हिम्मतरावाला नुकता सापडला होता. तो सारा मिळून एका वाफ्यात उभा होता, आणि त्याचं पेरण्याजोगं बी अजून निघालं नव्हतं. यंदा बी निघालं तर निघालं, नाहीतर सगळ्या खटाटोपावर नांगर. हिम्मतरावानं वरच्या साहेबांच्या हातापाया पडून परभणीला हजर होण्याची मुदत वाढवून घेतली. रामनवमीपर्यंत. त्यानंतर ती जागा दुसऱ्याला जाणार आणि हा कायमचा आंध्रात राहणार.

"रामनवमीपर्यंत बी निघतंय का?" चतुराबाईनं विचारलं.

"कापणी बंद केली आहे. फुलला वेळेवर, तर निघंल."

घास फुलला वेळेवर. निळी-जांभळी फुलं वाफाभर. पण शेंगा धरेनात. याचं कारण सरकारी होतं. फार्मच्या मालमत्तेची तीन राज्यांत वाटणी करायला एक कमिटी आली होती. खुर्च्या मोजल्या, टेबलं मोजली, बैल मोजले, आणि झाडं मोजता मोजता ती चिंचेखाली पोचली. चिंचेवर आग्या मोहोळ होतं. माशांना वाटणी मान्य नसावी. दोन साहेबांची तोंडं सुजली, आणि दुसऱ्या दिवशी मोहोळ जाळलं गेलं. आता, लसूणघासाचं फूल हे मोठं मानी. माशीनं बसून दाबल्याशिवाय ते आतून उघडत नाही, आणि उघडल्याशिवाय शेंग नाही.

हिम्मतराव हे सगळं जेवताना सांगत होता, म्हणजे त्याचा जीव खरोखर टांगणीला लागला होता. एरवी तो जेवताना मीठसुद्धा मागत नसे.

"मग हातानं दाबता येत नाही का?"

"येतं की. पण इतकी फुलं दाबणार कोण? कामाच्या बायका तर काढून टाकल्या."

चतुराबाईनं हिशेब अगदी साधा केला. फुलं दाबली तर बी, बी निघालं तर परभणी. दुसऱ्या दिवशी भाकरी बांधून ती नवऱ्याबरोबर फार्मवर गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिनं सवतीचं तोंड पाहिलं. हिम्मतरावानं दाखवलं, फूल असं चिमटीत धरायचं, हलकेच दाबायचं. आतली इवलीशी दांडी टपकन वर उडाली आणि तिच्या बोटाला पिवळी धूळ लागली.

"अगं बया," ती म्हणाली, आणि दुसरं फूल धरलं.

पुढं रोज हेच. ऊन चढल्यावर फुलं चांगली उघडतात, म्हणून ऐन दुपारी दोघं वाफ्यात उकिडवी बसायची. तिची बोटं पिवळी झाली, पाठ धरली, तोंड मात्र चालू होतं. सवतीला शिव्या घालता घालता कुठल्या ठोंबाला किती घोस आले हे तिला पाठ झालं. त्या दुपारी हिम्मतरावही बोलायला लागला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्याच्या आईकडं मचूळ पाण्याच्या गावात एकच म्हैस होती आणि ती उन्हाळ्यात चाऱ्याविना गेली, हे तिला तिथं, वाफ्यात बसून कळलं.

शेंगा धरल्या. छोट्या, पीळ पडलेल्या. रामनवमी चार दिवसांवर आली तेव्हा मूठभरच वाळल्या होत्या, तेवढ्यानं काही भागणार नव्हतं, आणि बाकी साऱ्या हिरव्यागार.

त्या संध्याकाळी हिम्मतराव घरी येऊन ओसरीवर बसला. "उद्या कापून टाकतो," तो म्हणाला. "परवाच्या गाडीनं निघू. तुझे लई हाल झाले इथं."

चतुराबाई ट्रंकेवर बसून होती. सहा महिने ज्या वाक्याची वाट पाहिली ते तिनं ऐकलं.

"हिरव्या शेंगांचं बी उगवतंय का?"

"नाही."

"तुमच्या मागं कुणी राखंल?"

"गोठ्यात चारा नाही. माझी पाठ फिरली की गवळी विळा लावणार."

 ती उठली, ट्रंकेचं झाकण उघडलं आणि पातेली काढून परत फळीवर लावायला लागली.

"काय करायलीस?"

"दिसत नाही का? राहू द्या वाळायला." आणि मग हुंदका आवरत म्हणाली, "मी दाबलेली फुलं हायत ती. जनावराच्या तोंडात नाही द्यायची मी."

वैशाखात बी निघालं, पिवळसर, बारीक. परभणीची जागा तोवर गेली होती; ती हिम्मतरावाच्याच हाताखालच्या उत्तमरावाला मिळाली. कमिटीनं इमानदारीनं बियाचेही तीन वाटे केले, खुर्च्यांसारखेच. मुंबई राज्याचा वाटा उत्तमरावाबरोबर जायचा होता. त्याला पोचवायला दोघं काचीगुड्याच्या स्टेशनावर गेली.

उत्तमराव बियाची पिशवी बाकाखाली सरकवायला लागला, तर चतुराबाईनं खिडकीतून हात घालून त्याचा दंड धरला. "मांडीवर घ्या भावजी. आणि जिंतूरकडं गेलात तर माझ्या आईला सांगा, लेक नाही आली, सवत पाठवली आहे. मचूळ विहिरीवर पेरा म्हणावं."

गाडी हलली. आपण जायच्या गाडीतून बी चाललं आणि आपण फलाटावर राहिलो, याचं चतुराबाईला फार वाईट वाटलं. ती चारचौघांत रडली. हिम्मतराव शेजारी उभा होता. तिनं डोळे पुसले.

"चला," ती म्हणाली. "आता इथल्या वाट्याचं कुठं पेरायचं ते बघू."