चरबी म्हणायचं नाही

अंगातली चरबी मोजायची मशीन घेऊन आरोग्य शिबिरांसाठी गावोगाव फिरलं, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. रानातून आलं की कपड्यांना कुसळं लागतात, तसे आपोआप चिकटतात. सांगते, पण मधे बोलू नका, मी तापट आहे.

मशीनवर अनवाणी उभं राहायचं, हातात दोन दांडे धरायचे. पडद्यावर येतं: चरबी किती, मांस किती, पाणी किती. काम सोपं आहे, अवघड आहे तो शब्द. आपल्याकडे ‘चरबी चढली’ म्हणजे माज आला! आणि शब्दावर रागावून माणूस निघून गेला, की त्याचा आजारही न तपासताच घरी जातो.

*

चामोर्शीचा बाजार. पहिलाच माणूस, धानाचा व्यापारी. मी म्हटलं, “भाऊ, तुमच्यात चरबी फार आहे.”

“मी कोनाच्या घेन्यात ना देन्यात, अन् तू चार लोकांत माही चरबी काढून राह्यली?”

तो गेला. त्याच्यामागची अख्खी लाइन गेली! आमच्या पथकाच्या डॉक्टरबाई करवादल्या, “अगं, दुसरं काहीही म्हण!”

*

सिरोंच्यात घरोघरी तेलुगू बोलतात, वाटलं, तीच आपल्याला वाचवेल. तिथल्या नर्सला चरबीसाठीचा शब्द विचारून घेतला आणि एका मासेमाराला हसून म्हटलं, “नीकु कोव्वु एक्कुव!”

त्यानं दांडे सोडले आणि बाह्या सरसावल्या. नर्सनं कपाळावर हात मारला. “अवो मॅडम, तेलुगूत बी त्याचा तोच अर्थ हाय!”

*

मोहर्लीचा सफारी गाइड मात्र शहाणा निघाला. “मी पाऊल पाहून वाघ का वाघीण ते सांगतो, तुमची मशीन पाऊल धरून चरबी सांगते. आपला धंदा एकच, मॅडम!”

डॉक्टरबाईंनी त्याचं रक्त तपासलं, तर शुगर वाढलेली निघाली. तेव्हा तो हसला नाही.

*

मशीनवर धातू चालत नाही. एका बाईला जोडवी काढायला सांगितली.

“बाप्पा! माहा नवरा जित्ता हाय!”

मागून नवरा म्हणाला, “काढ वं, मी काई मरत नाई.”

“तुमचा काई भरोसा नाई. तुमचा आकडा पाह्यला मी आत्ताच!”

*

आणि हा एक. चामोर्शीच्या पुढचं गाव. एक सासू सुनेला दंडाला धरून घेऊन आली. सून वनिता, विशीतली, तोंड सुजल्यासारखं, पाय जाड.

“मॅडम, इची चरबी मोजा. अन् साऱ्यांसमोर सांगा. काम सांगतलं का बसते, म्हनते दम लागते. दिवाळीपासून इचं रातचं जेवन बंद केलं मी, तरी फुगूनच राह्यली!”

बायका हसल्या. वनिता मान खाली घालून मशीनवर चढली. पडद्यावर आकडे आले. चरबी कमी. मांसही कमी. पाणी भलतंच जास्त.

मी खाली बसले आणि तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला, तो भरेचना. मी डॉक्टरबाईंना हाक मारली. त्यांनी पाय पाहिले, पापण्या पाहिल्या, लघवीबद्दल विचारलं.

“ही चरबी नाही, सूज आहे. मूत्रपिंडाचं दुखणं वाटतंय. आत्ताच्या आत्ता गडचिरोलीला न्यायचं. अजून उशीर केला तर जिवावर बेतेल.”

वनिता तेव्हा पहिल्यांदा बोलली. सासूशी नाही, बायकांशी. “आयकलं ना? चरबी नाई म्हनते.”

आमच्याच गाडीत तिला झोपवलं. मला त्या म्हातारीचा असा राग आला होता, की तोंडावर आलेले शब्द मी कसेबसे गिळले. ती गाडीचं दार धरून उभी होती, दार लावू देईना. मग माझा हात धरून तिनं मला बाजूला ओढलं आणि कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात विचारलं,

“बाई, हे पोरगी भुकी होती, हे बी दिसलं का वो मशीनमंदी?”