जागा तुमची, माती माझी

साकोलीत हायवेपासून थोडं आत आमचं लेआउट आहे. माझ्या घरासमोर कापगते राहतात. यादोराव पंचायत समितीतून शिपाई म्हणून निवृत्त झाले. आता ते सकाळी पेपर वाचतात आणि दुपारी तोच पेपर परत वाचतात. त्यांच्या बायकोचं, निर्मलाबाईंचं, मात्र तसं नाही. त्यांना बसवत नाही.

निर्मलाबाईंचं माहेर कोंढ्याचं. शेतात वाढलेली बाई, आणि लग्नानंतर वाट्याला आला शहरातला प्लॉट. घर बांधून झाल्यावर मागे दोन खाटा मावतील एवढी जागा उरली. तिथं त्यांनी काय लावलं नव्हतं? तेलाच्या पिप्यांत वांगी, फुटक्या बादलीत सांभार म्हणजे कोथिंबीर, जिन्याच्या कठड्याला बरबटीच्या शेंगा. एका पावसाळ्यात कोहळ्याचा वेल यादोरावांच्या स्कूटरवर चढला. ते तो सोडवायला गेले तर बाई आडव्या आल्या.

"फूल आलं हाय त्याले. आता काहून हलवता?"

फळ निघेपर्यंत यादोराव बाजाराला पायी गेले.

त्यांच्या घराच्या डावीकडे एक प्लॉट कित्येक वर्षं रिकामाच पडला होता. मालक नागपूरला. छातीएवढं गाजरगवत, कडेनं बेशरमची झुडपं, आणि आम्हा सगळ्यांच्या घरचा कचरा. निर्मलाबाई भांडी घासता घासता त्या प्लॉटकडे अशा बघायच्या, जसं एखादं लेकरू मिठाईच्या दुकानाकडे बघतं.

यादोराव म्हणायचे, "दुसऱ्याच्या जाग्याले हात लावू नोको. उद्या कोर्टात उभं करन तो."

बाईंनी प्लॉटातल्या खांबावरच्या गंजक्या पाटीवरून नंबर घेतला आणि सरळ फोन लावला. मी तेव्हा तिथंच होते.

"तुमच्या प्लॉटची शेजारीण बोलून राहिली, जी. इथं लय जंगल माजलं हाय. मी साफ करून भाजी लावू का?"

पलीकडे वासुदेवराव नावाचे गृहस्थ होते. त्यांनी आधी नाव-पत्ता विचारून घेतला. मग म्हणाले, "आणि मग जागा बळकावाल."

"बळकावून कुठं नेईन, जी? जागा तं तिथंच राहते."

पुढच्याच आठवड्यात वासुदेवराव बसनं आले. पिशवीत टेप आणि चुन्याचा डबा. त्यांनी गवतात शिरून प्लॉट मोजला, चारही कोपऱ्यांतले दगड चुन्यानं रंगवले आणि घामाघूम होऊन अटी सांगितल्या. झाड लावायचं नाही, भिंत घालायची नाही, बोअर मारायची नाही, म्हणेन तेव्हा रिकामं करायचं. निर्मलाबाई प्रत्येक अटीला "हो जी" म्हणत गेल्या आणि ताटात धोप्याच्या, म्हणजे अळूच्या, पानांच्या वड्या वाढत गेल्या. परतताना वासुदेवरावांचा चेहरा जरा सैल झाला होता.

उन्हाळाभर सफाई चालली. बाटल्या, चपला, एक अख्खं फुटकं कमोडसुद्धा निघालं. कमोड कोणाचं, यावर गल्लीत कोणीच तोंड उघडलं नाही. पण गवत निघाल्यावर खाली नुसता मुरूम. कुदळ मारली की ठण्‌ वाजायची. निर्मलाबाई बांधावर बसून राहिल्या. त्यांना नुसतं बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

"काय लावू यात? गिट्टी?" एवढंच बोलल्या.

त्याच दिवसांत गावाबाहेरच्या बोडीचं, म्हणजे लहान तलावाचं, खोलीकरण सुरू होतं. गाळ नेणाऱ्याला मोकळीक होती. निर्मलाबाई भर उन्हात बोडीत जाऊन उभ्या राहिल्या आणि ट्रॅक्टरवाल्याला घेऊनच आल्या. ट्रॉली कुठं उलटवायची यावरून त्याची आणि यादोरावांची चांगली जुंपली. आयुष्यभर कोणावर आवाज न चढवलेला माणूस मधोमध उभा राहून ओरडत होता, "अबे, तिकडं नोको, इकडं टाक!" काळी, लोण्यासारखी माती मुरमावर पसरली.

मग काय विचारता! पाऊस लागला आणि त्या प्लॉटात दोडके लोंबले, भेंडी उभी राहिली, हिवाळ्यात वाल आणि वांगी. आमच्या गल्लीत भाजी विकत आणणं जवळपास बंदच झालं. यादोरावांनी खुर्ची दोडक्याच्या मांडवाखाली हलवली. वासुदेवराव अधूनमधून दगड तपासायला यायचे आणि भरलेली पिशवी घेऊन जायचे.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर ते आले, तेव्हा दगडांकडे गेलेच नाहीत. ओसरीवर बसून चहाचा कप नुसता फिरवत राहिले.

"प्लॉट विकला, बाई," शेवटी म्हणाले. "इथल्या दवाखान्यातल्या एक नर्स आहेत, शालू म्हणून. या रस्त्यानं जाताना तुमचा वालाचा बहर दिसला त्यांना. इतकी वर्षं कोणी ढुंकून पाहत नव्हतं, बाई. तुम्ही साफ केला म्हणून गिऱ्हाईक आलं."

निर्मलाबाई आधी हसल्या. मग आत गेल्या आणि बऱ्याच वेळानं बाहेर आल्या. डोळे पुसलेले दिसत होते.

"वांगे आता कुठं फुलावर आले," त्या म्हणाल्या. "होळीपर्यंत राहू द्या, जी."

वासुदेवरावांनी राहू दिलं. शालूनंही हरकत घेतली नाही.

ही बातमी ऐकून उजवीकडच्या प्लॉटचे मालक देवाजी धावत आले. त्यांच्या प्लॉटात जुन्या विटांचा ढीग आणि वर तरोट्याचं रान. "बाई, माझा बी प्लॉट साफ करून द्या. तुमचा हात लागला की विकते!"

या वेळी अटी निर्मलाबाईंनी घातल्या. "पीक उभं असताना कोणाले दाखवायचा नाही. आन्‌ विटा तुमी उचलायच्या." देवाजींनी मान डोलावली.

होळी झाली. ताबा द्यायला वासुदेवराव शालूला घेऊन आले, तर प्लॉटात निर्मलाबाई फावडं घेऊन माती खरडत होत्या आणि त्यांनी घमेली भरून ठेवली होती.

"हे काय करून राहिल्या, बाई?"

"जागा तुमची, जी. माती माझी. मी आणली होती."

वासुदेवरावांनी यादोरावांकडे पाहिलं. यादोराव शांतपणे म्हणाले, "मीच भांडलो होतो ट्रॅक्टरवाल्याशी. साक्षीले बोलावू का त्याले?"

वासुदेवराव आपल्याच रंगवलेल्या दगडावर बसले आणि पोट धरून हसले. शालूनं पदर खोचला. "न्या काकू, खुशाल न्या. पायव्याखाली ही माती चालतच नाही. मिस्त्री फेकूनच देणार होता."

मग आम्ही गल्लीतल्या बायका ओळीनं उभ्या राहिलो. डावीकडच्या प्लॉटातून उजवीकडच्या प्लॉटात, कापगत्यांच्या दारावरून घमेली हातोहात जाऊ लागली. ओळीत शालू होती, विटा उचलून दमलेले देवाजी होते, थोड्या वेळानं शर्टाच्या बाह्या दुमडून वासुदेवरावही आले. यादोराव स्कूटरच्या पायरीवर घमेलं ठेवून फेऱ्या मारत होते. मुरमात मुरलेली माती निघाली नाही. ती शालूला राहिली. पण बरीचशी हलली.

देवाजींचा प्लॉट मोठा निघाला. पावसाळ्यात निर्मलाबाईंनी कोंढ्याहून भावाकडून मिरचीची रोपं आणली आणि तिथं दुसरं फारसं काही लावलंच नाही. आत्ता, थंडीत, मिरची लाल झाली. वाळवायला सपाट जागा हवी होती. शालूच्या घराचा स्लॅब नुकताच टाकून झाला होता, वर अजून काही नव्हतं. बाईंनी तिला विचारलं आणि स्लॅबभर मिरच्या पसरल्या. परवा वारा सुटला, तर गल्ली शिंकून शिंकून बेजार. शालू ड्यूटीवरून बांधकाम बघायला आली, तीही शिंकली आणि खालूनच ओरडली, "काकू, यातल्या आमच्या किती?"

निर्मलाबाई वर उन्हात मिरच्या उलटत होत्या. "आधी वाळू तं दे वं!" त्या म्हणाल्या आणि स्वतःच शिंकल्या.