दुसरीच्या वर्गातली खुर्ची

आमच्या शाळेत दुसरीपर्यंत बाक नव्हते. मुलं बसकर पट्ट्यांवर बसायची आणि बाईही त्यांच्यातच खाली बसायच्या. वीस वर्षं मी तशीच बसले. मग कमरेनं दगा दिला. खाली बसता यायचं, पण उठायला शाळेच्या मावशी लागायच्या. पेठ तालुक्याकडच्या त्या काटक बाई माझ्या काखेत हात घालून मला उभं करायच्या आणि वर म्हणायच्या, "बाई, लय जड झाल्या तुमी." शेवटी माझ्यासाठी वर्गात खुर्ची आली. खुर्चीवरून मला मुलांचे फक्त भांग दिसायचे. कोण पेन्सिल मुठीत धरतंय, कोणाचा सहा उलटा पडून तीन होतोय, काही कळेना. त्या खुर्चीचा मला भारी राग यायचा.

दिवाळीच्या सुट्टीआधी मुख्याध्यापिकाबाईंनी बोलावून स्पष्टच सांगितलं, "जूनपर्यंत खाली बसणं-उठणं जमलं तर दुसरी तुमचीच. नाहीतर ऑफिसातलं काम बघा." त्यांचं चुकत नव्हतं. पण दाखल्यांवर शिक्के मारत निवृत्त व्हायचं, या विचारानं मला रडूच आलं.

डॉक्टरांनी तपासलं. मोठं काही बिघडलेलं नाही, पोटापाठीचे स्नायू बळकट करा, म्हणाले. त्याच सुमारास गंगापूर रोडला एका मुलीनं पिलाटीज नावाच्या व्यायामाचा वर्ग काढला होता. नाशिकमध्ये तेव्हा हे नाव फारसं कुणी ऐकलेलं नव्हतं. मला तर तो एखादा खायचा पदार्थ वाटला होता.

पहिल्या दिवशी मी नवा पंजाबी ड्रेस घालून, घट्ट अंबाडा बांधून आणि बशीभर पोहे खाऊन गेले. उताणी झोपले तर अंबाड्यामुळे डोकं टेकेना. पालथी झाले तर नाडीची गाठ पोटात रुतली. पाय वर उचलले तेव्हा पोह्यांनी आपली आठवण करून दिली. घरून नेलेली सतरंजी इतकी पातळ की मणकान् मणका फरशीला लागला. आता कुणी मला विचारलं की पिलाटीज सुरू करायचंय, काय तयारी करू, तर मी आधी हाच दिवस सांगते. लोक हसतात, पण पोहे खाऊन जात नाहीत.

शिकवणारी माझ्या मुलीच्या वयाची. मला "काकू" म्हणायची. जन्मभर "बाई" ऐकलेल्या मला ते जरा झोंबलं. तिनं आधी कुठं दुखतं, केव्हापासून दुखतं, सगळं विचारून घेतलं आणि मग पाठीवर झोपवून एक पाय वीतभर उचलायला लावला. एवढंच! माझ्या शेजारी लेकीकडे राहायला आलेल्या सिन्नरच्या एक बाई होत्या. त्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "ह्यात काय हाय ओ? खुरपताना यापेक्षा जास्त वाकतो आमी." मीही मान डोलावली. शाळेतली कवायत घेणारी बाई मी, मला हे काय शिकवणार! दहा मिनिटांत आम्हा दोघींचे पाय लटलट कापायला लागले. मुलगी शांतपणे म्हणाली, "कापू दे काकू, त्याला घाबरायचं नाही. कळ आली तर मात्र लगेच थांबायचं आणि मला सांगायचं."

पण माझं खरं घोडं अडलं श्वासापाशी. जोर लावायच्या वेळी श्वास सोडायचा असतो. आम्ही दोघी मात्र घागर उचलताना कोंडतो तसा कोंडून धरायचो आणि लालबुंद व्हायचो. "श्वास, काकू, श्वास!" म्हणून तिचा घसा बसायची वेळ आली. शेवटी ती वैतागून म्हणाली, "उचलताना काहीतरी बोला तरी. बोलताना श्वास कोंडता येत नाही."

"काय बोलू?"

"काहीही!"

माझ्या तोंडून एकच गोष्ट निघाली. "बे एके बे." सिन्नरच्या बाईंनी पुढचं उचललं, "बे दुणे चार." आणि पाय अलगद वर गेले. त्या दिवसापासून आमचा कोपरा पाढ्यांवर चालला. दोन महिने काहीच फरक दिसला नाही, तेव्हा मी दोनदा सोडायचं ठरवलं आणि दोनदा मुकाट्यानं परत गेले. मग एका सकाळी ओट्याखालचा डबा काढला आणि उठताना ओट्याचा काठ धरला नाही. मी तिथंच उभी राहून एकटीच हसले.

जूनमध्ये शाळा उघडली. मी खाली बसले आणि एकेकाची वही बघितली. एकीचा सहा उलटा होता, तो तिचा हात धरून सरळ केला. फार बरं वाटलं. मान वर केली तर दारात मुख्याध्यापिकाबाई उभ्या, आणि मला उचलायच्या तयारीनं मावशी त्यांच्या मागे. मावशी पुढे आल्या, त्यांना मी हातानं थांबवलं. पाय दुमडून घेतला, पोट आत ओढलं, श्वास सोडला आणि सवयीनं मोठ्यांदा तोंडून निघून गेलं, "बे एके बे!"

अख्खा वर्ग ओरडला, "बे दुणे चार!"

"बे त्रिक सहा"ला मी उभी होते. मुख्याध्यापिकाबाईंनी मावशींना बोटानं खुर्ची दाखवली. मावशी ती उचलून ऑफिसकडे निघाल्या, आणि मुलं काही बे दाहे वीसपर्यंत थांबली नाहीत.